उडालेला फ्यूज

लग्नसराई सुरू झाली की आमच्या जळकोटकडच्या जीप आणि पिकअप गाड्यांचं रूप पालटतं. मागं पेटीएवढे स्पीकर बसतात आणि सीटखाली त्यांना ताकद पुरवणारा ॲम्प्लिफायर. आपल्याकडं त्याला सरळ ‘मशीन’ म्हणतात. उदगीरच्या नाहीतर मुखेडच्या रस्त्याला वऱ्हाडाची गाडी लागली आणि मशीन गप्प झालं, की ड्रायव्हर जळालेला फ्यूज काढतो, त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो आणि परत बसवतो. गाणं सुरू होतं, सगळे खूश. मला आज बोलायचंय ते या चांदीबद्दल.

मी कविता लिहिणारा माणूस. पण भाच्याचं दुरुस्तीचं दुकान आहे आणि संध्याकाळी माझी बैठक तिथं असते. तो म्हणतो, ‘‘मामू, फ्यूज उडाला म्हणजे फ्यूज बिघडला असं नाही. त्यानं त्याचं काम केलं. बिघाड पुढंच कुठंतरी आहे.’’

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तिचा झटका लागत नाही, म्हणून कुणाला तिची भीती वाटत नाही. घात इथंच होतो. त्याच बॅटरीची प्लस वायर गाडीच्या पत्र्याला टेकली, तर काहीशे अँपिअर करंट धावतो. वायर लाल होते, वरचं प्लॅस्टिक पेटतं. ती वायर बॉनेटमधून मॅटखालून मागं गेलेली असते, आणि मॅटवर लेकरं झोपलेली असतात. ३० अँपिअरचा फ्यूज ३० अँपिअरच्या पुढचा भार फार काळ सोसत नाही, स्वतः तुटून वाट बंद करतो. चांदीला ही शिस्त नाही.

मग दुरुस्ती करायची कशी? आधी इंजिन बंद. हातातली अंगठी, घड्याळ काढायचं, कारण धातू प्लस आणि पत्र्याच्या मध्ये आला तर कातडी भाजते. वायरींना हात घालण्याआधी बॅटरीची मायनस वायर सोडायची. बिघाड शोधताना मोजण्यापुरतीच ती परत जोडायची.

मीटर लावून तीन ठिकाणं तपासायची. प्लसवर १२ व्होल्ट येतात का? मायनसची वायर रंग खरवडलेल्या, स्वच्छ पत्र्यावर घट्ट कसलेली आहे का? टेप चालू केल्यावर मशीनला जागं करणाऱ्या बारीक ‘रिमोट’ वायरवर १२ व्होल्ट येतात का? पुष्कळदा रोग इथंच सापडतो. मशीन उघडायची वेळच येत नाही.

तिन्ही ठीक, तरी लाल दिवा लागत असेल, तर मशीन बंद करून स्पीकरच्या सगळ्या वायरी सोडायच्या आणि परत चालू करायचं. दिवा गेला, तर दोष बहुधा स्पीकरमध्ये किंवा पत्र्याला घासलेल्या वायरीत. दिवा तसाच राहिला, किंवा नवा फ्यूज लगेच उडाला, तर दोष बहुतेक मशीनच्या आत.

आतलं काम जाणत्या कारागिराचंच. मशीन आतल्या आत १२ व्होल्ट वाढवून घेतं. मोठ्या मशीनमध्ये तो दाब शंभरच्या वर जातो आणि वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ साठून राहतो. भाचा आधी तो उतरवतो, मीटरनं खात्री करतो, मगच बोट घालतो. शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर बदलला, की मशीन थेट बॅटरीला लावत नाही. प्लस वायरीच्या मध्ये हेडलाइटचा बल्ब जोडतो. बल्ब भगभगून पेटलेलाच राहिला, तर शॉर्ट अजून आत आहे. क्षणभर उजळून मंद झाला, तर पुढं जायला हरकत नाही. नवा ट्रान्झिस्टर वाचवणारी ही युक्ती एका बल्बच्या किमतीत होते.

खरी कसोटी मात्र मीटरची नसते. दारात वऱ्हाड खोळंबलेलं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘डायरेक्ट करून दे भाऊ, आजची रात निघू दे.’’ भाचा नाही म्हणतो. काही जण चिडून दुसऱ्या दुकानात जातात, त्या दिवसाची मजुरी बुडते. लहान गावात असं ‘नाही’ म्हणणं सोपं नसतं. त्या नकाराची किंमत भाचा मोजतो आणि फायदा गाडीतल्या अनोळखी लेकरांना होतो.

म्हणून गाडीत मशीन बसवून घेताना मेकॅनिकला तीन गोष्टी विचारा. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत आहे का? वायर करंटच्या मानानं पुरेशी जाड आहे का? पत्र्याच्या भोकातून ती जाते तिथं रबर बसवलंय का? आणि फ्यूज उडाला, तर तितक्याच अँपिअरचा दुसरा घाला. तोही उडाला, तर गाणं बंद ठेवा. वरात गाण्याशिवायही घरी पोचते.