चुकीची किंमत आणि टीकेचा हक्क



मानहानीचा कायदा व्यक्तीच्या अब्रूच्या रक्षणासाठी असतो. परंतु सत्ताधाऱ्याच्या हाती पडला की तोच चळवळीची आर्थिक नाकेबंदी करू शकतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सुलिव्हन’ या अमेरिकेतील खटल्याचा धडा हाच आहे.

२९ मार्च १९६० रोजी ‘टाइम्स’मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बचावासाठी निधी मागणारी पानभर जाहिरात प्रसिद्ध झाली. तीत अलाबामा राज्यातील माँटगोमेरीच्या पोलिसांवर टीका होती. काही तपशील चुकले होते. किंग यांना चार वेळा अटक झाली असता सात वेळा म्हटले होते. पोलीस खाते सांभाळणारे नगर-आयुक्त सुलिव्हन यांचे नाव जाहिरातीत कोठेही नव्हते. तरीही त्यांनी वृत्तपत्रावर आणि चार कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांवर दावा लावला व स्थानिक ज्यूरीने त्यांना ५ लाख डॉलर भरपाई देवविली.

या आकड्यांचे अर्थशास्त्र ध्यानात घेण्याजोगे आहे. जाहिरातीचा खर्च सुमारे ४,८०० डॉलर. अलाबामाच्या फौजदारी कायद्यात बदनामीस कमाल दंड ५०० डॉलर. दिवाणी मार्गाने वसुली त्याच्या हजारपट! एवढी किंमत मोजावी लागणार असेल, तर खरे बोलणाराही मौन पत्करील.

९ मार्च १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निवाडा एकमताने रद्द केला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी दंडक घातला : सार्वजनिक अधिकाऱ्याला त्याच्या अधिकृत वर्तनावरील टीकेबद्दल भरपाई हवी असेल, तर मजकूर खोटा असल्याचे जाणून किंवा खरेखोटेपणाची पर्वा न करता तो छापला, हे त्यानेच सिद्ध केले पाहिजे. म्हणजे हेतुपुरस्सर असत्याला येथे अभय नाही. प्रामाणिक चुकीला मात्र आहे. चुकण्याची मुभा नसलेली टीका ही केवळ स्तुतीचीच परवानगी ठरते.

भारतीय सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली राजगोपाल खटल्यात दिवाणी दाव्यांपुरते हेच तत्त्व मान्य केले. परंतु २०१६ साली त्याच न्यायालयाने फौजदारी मानहानीचे कलम वैध ठरविले आणि २०२४ साली अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कलम, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेसह, कायम आहे. भरपाईचा दावा अडविला, तरी तुरुंगाचे दार उघडेच राहिले आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे दुहेरी कर्तव्य आहे : पत्रकातील प्रत्येक आकडा पारखून घ्यावा आणि हे फौजदारी कलम रद्द करण्याची मागणी नेटाने लावून धरावी. अब्रूचे रक्षण दिवाणी न्यायालय करू शकते; त्यासाठी टीकाकाराला गजाआड धाडण्याची गरज लोकशाहीला नाही.