परीक्षेपूर्वीचे गणित



परदेशी उच्च शिक्षणासाठी आपल्या ज्ञातीतील पुष्कळ पदवीधर हल्ली जी. आर. ई. परीक्षेस बसतात. साहाय्यनिधीकडे येणारे त्यांचे अर्ज वाचताना एक गोष्ट आमच्या वारंवार नजरेस येते. अर्जदार इतिहासाचा वा मानसशास्त्राचा पदवीधर असतो, दहावीनंतर त्याने गणिताचे तोंड पाहिलेले नसते, आणि मागणी मात्र महागड्या वर्गाच्या शुल्काची असते. असे वर्ग पाया आहे हे गृहीत धरून युक्त्या शिकवितात. पाया नसला म्हणजे विद्यार्थी लवकरच मागे पडतो आणि आपणांस बुद्धीच नाही असे समजून गप्प बसतो. पैसे जातात ते निराळेच.

वस्तुतः या परीक्षेत त्रिकोणमिती नाही, कलनशास्त्रही नाही. अंकगणित, बीजगणित, भूमिती व सांख्यिकी, आणि तीही बहुतांशी शालेय. सप्टेंबर २०२३ पासून गणिताचे २७ प्रश्न ४७ मिनिटांत सोडवावयाचे असतात. म्हणजे प्रश्नामागे पावणेदोन मिनिटेही पुरती नाहीत. पडद्यावर गणकयंत्र मिळते, परंतु काय करावयाचे हे ते सांगत नाही. क्ष मोठा की क्षचा वर्ग, असे विचारताच घाईत ‘वर्ग’ असे उत्तर येते. क्ष अर्धा धरला तर वर्ग पाव होतो. एक धरला तर दोन्ही समान. ‘दिलेल्या माहितीवरून ठरत नाही’ हा पर्याय तेथे उगीच दिलेला नसतो!

खरी अडचण अपूर्णांक व शेकडेवारीत आहे. ४० रुपयांची वस्तू शेकडा २५ नी वाढून ५० ला गेली. ती पुन्हा ४० वर आणावयास शेकडा किती घट हवी? ‘पंचवीस’ असे सांगणारे पदवीधर आम्ही पाहिले आहेत. सवायकी मुखोद्गत असलेल्या जुन्या पिढीस चाराचे पाच झाले म्हणजे पाचांतून एक काढावयाचा, शेकडा २०, हे कागदावाचून उमगे. पावकी-निमकी पुन्हा घोकावी असे आमचे म्हणणे नाही. अपूर्णांकांशी तेवढी सलगी मात्र हवी.

यासाठी आठवी ते दहावीची पुस्तके पुरेत. ती बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. आधी अपूर्णांक, मग ऋण संख्या, गुणोत्तर, शेकडेवारी, आणि त्यानंतरच समीकरणे. सोडविलेले उदाहरण वाचून ‘समजले’ म्हणू नये. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून तेच पुन्हा सोडवावे. चुकलेल्या उदाहरणांची निराळी वही ठेवावी. हे दोन-तीन महिने झाल्यावर सराव-परीक्षांस हात घालावा, तोवर नाही.

कार्यकारी मंडळापुढे आमची सूचना अशी, की वर्गाच्या शुल्कास साहाय्य देण्यापूर्वी दर रविवारी सकाळी कार्यालयातच हे पायाचे गणित शिकवावे. ज्ञातीतील निवृत्त शिक्षकांनी आठवड्याचे दोन तास द्यावेत. वयाची अट नसावी. संसारामुळे ज्यांचे शिक्षण थांबले त्या भगिनींनीही निःसंकोच यावे. नावे चिटणिसांकडे आजच नोंदविता येतील.