कोळशावरचा कर : भरणार कोण, मिळणार कोणाला?

(वर्धा येथे महाविद्यालयीन शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वर्गांत कार्बन कर शिकवला जातो तो फळ्यावर आलेख काढून. धुराची किंमत कारखानदार देत नाही, समाज देतो. म्हणून ती कराच्या रूपाने वसूल करावी, हा पिगूचा विचार. तो खोटा नाही, अपुरा आहे. कर अखेर कोणाच्या खिशातून जातो आणि जमलेला पैसा कोणाकडे वळतो, हे दोन प्रश्न त्या आलेखात येत नाहीत.

त्यांची उत्तरे शोधायला वर्ध्याच्या विद्यार्थ्याने परदेशी जाण्याचे कारण नाही. वर्धा खोऱ्यातला कोळसा चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जळतो. केंद्र सरकारने 2010 साली कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर बसवला. 2016 पर्यंत तो 400 रुपये झाला. नाव होते स्वच्छ ऊर्जेचे. 2017-18 पर्यंत सुमारे 86 हजार कोटी रुपये जमले. त्यांपैकी स्वच्छ ऊर्जेच्या निधीत 30 हजार कोटीही पोहोचले नाहीत, आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना 16 हजार कोटीही मिळाले नाहीत. जीएसटी आल्यावर हाच पैसा राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला. सप्टेंबर 2025 मध्ये उपकर गेला आणि कोळशावरील जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. म्हणजे कर आता वजनावर नाही, किमतीवर आहे. हलका, राखेचा कोळसा स्वस्त. म्हणून टनामागे त्याचा करही कमी! याला कार्बन कर म्हणावे काय, हा प्रश्न परीक्षेत अवश्य विचारा.

‘मग करच नको’ असे कोणी म्हणेल. पण 2026 पासून युरोपीय संघाने आयात पोलादावर कार्बनचा आकार लागू केला आहे. मूळ देशात भरलेली कार्बन-किंमत त्यातून वजा होते. येथे न घेतलेला कर तिकडच्या तिजोरीत जाईल, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा वाद कर असावा की नसावा हा नाही, न्यायाचा आहे. स्वित्झर्लंड अशा कराचा मोठा भाग परत करते, आणि त्यातला नागरिकांचा वाटा माणशी सारखा असतो. आपल्याकडे तो कोरडवाहू शेतकऱ्याच्या पंपाकडे आणि खाण बंद झाल्यावर उघड्यावर पडणाऱ्या कामगाराकडे का जाऊ नये?

1930 साली मिठावरील कराविरुद्ध देश उठला, कारण तो गरिबाच्या ताटातून वसूल होत होता. सेवाग्रामच्या जिल्ह्यात अर्थशास्त्र शिकवताना तरी ही कसोटी विसरता कामा नये.