‘पारंपरिक’ नव्हे!
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी संगीतसंध्येतील भाषण)

मंडळी, कॉलेजच्या बँडमध्ये मी क्लॅरिनेट वाजवायचो, हे बँकेतल्या सहकाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. तिथंच भेटलं एक इटालियन गाणं, ‘फुनिकुली, फुनिकुला’.

१८८० साली नेपल्सजवळच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर दोरानं ओढली जाणारी रेल्वे सुरू झाली. त्या निमित्तानं पेप्पिनो तुर्को यांनी शब्द लिहिले, लुइजी देन्झा यांनी चाल दिली. ती इतकी तोंडात बसली, की रिचर्ड स्ट्राउससारख्या मोठ्या संगीतकारानं लोकगीत समजून आपल्या रचनेत घेतली. रक्कम खरी, जमा भलत्याच खात्यात!

बँडसाठी ते बसवणं मात्र सोपं नाही. गाणारा ओळ संपली की दम घेतो. बँडमध्ये सगळ्यांनी एकदम घेतला तर मध्ये भोक पडतं. म्हणून दम आळीपाळीनं. व्हायोलिन नाहीत, तेव्हा चाल क्लॅरिनेटकडे. ठेका दादऱ्यासारखा सहा मात्रांचा: पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर ट्युबा, मधल्या हॉर्नकडे. ट्रम्पेट ध्रुवपदापर्यंत राखून ठेवायचे. आमच्या मास्तरांनी ते पहिल्या ओळीपासूनच सोडले. गाडी सुटायच्या आधीच शिखरावर! माझं क्लॅरिनेट कुणाला ऐकूच आलं नाही. आई पहिल्या रांगेत बसली होती, तिलासुद्धा नाही.

आमच्या कागदावर ‘पारंपरिक’ असं लिहिलेलं. मीही पन्नास वर्षं तेच सांगत आलो. परवा ट्रंकेतून तो कागद काढला, तो शब्द खोडला आणि दोघांची नावं लिहिली.