आमच्या दाराची खोड

(मंडळाच्या गणेशोत्सवात ज्येष्ठ सभासदांच्या दुपारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'दारं आणि खिडक्या' एवढंच सांगितलं. त्यांना वाटलं काहीतरी अध्यात्म असेल. तसं काही नाही. मी बिजागऱ्या, कड्या आणि कुलपं यांवर बोलणार आहे. आपल्या बडोद्यातल्या दुकानात ज्याला 'मिजागरा' म्हणतात ती बिजागरी.

माझी आत्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरात एकटी राहायची. वय ८१, पण स्वयंपाक, देवपूजा सगळं स्वतः करायची. तिच्या न्हाणीघराच्या दाराला एक खोड होती. आतली कडी काढताना डाव्या हातानं दार थोडं वर उचलायचं आणि उजव्या हातानं दांडी सरकवायची. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. पाहुणा आला की आत्या बाहेरून सूचना द्यायची, "जरा उचलून ओढ हो!" आणि आम्ही हसायचो.

एका सकाळी ती आत घसरली. पाय शाबूत राहिले, पण हात टेकून पडल्यामुळे उजवं मनगट मोडलं. ती उठून दारापर्यंत आली, आणि दार उघडेना. कारण त्या खोडीला दोन हात लागतात. हाक ऐकून शेजारी धावले. ते गुजराती, माणसं फार चांगली. आत्या आतून ओरडत होती, "उचला, उचला!" त्यांना वाटलं, म्हातारी पडली आहे, मला उचला म्हणते आहे. म्हणून ते जोरानं दार आत ढकलत राहिले आणि त्या ढकलण्यानं दांडी आणखीच घट्ट बसली. शेवटी पाऊण तासानं चौकट फोडून तिला बाहेर काढलं.

संध्याकाळी मी ते दार पाहिलं. वरच्या बिजागरीचे चारपैकी दोन स्क्रू नव्हतेच, उरलेले दोन बोटानं फिरत होते. दुरुस्ती शंभर रुपयांच्या आतली आणि एका तासाची. आम्ही तिच्यावर कित्येक वर्षं हसत होतो.

तेव्हापासून कुणाच्याही घरी गेलो की मी दारं बघतो. बायकोला ते आवडत नाही. पण मंडळी, आपल्या प्रत्येकाच्या घरात असं एक दार आहे. कुणाचं लाथेनं बंद होतं, कुणाच्या कुलपात किल्ली अर्धी बाहेर ओढून फिरवावी लागते, कुणाची खिडकी दोरीनं बांधलेली असते. घरच्यांच्या हाताला सवय झालेली असते, म्हणून ते बिघडलं आहे असं वाटतच नाही. नवखा माणूस, अंधार, घाई किंवा दुखरा हात यांपैकी काही आलं की ती सवय उपयोगी पडत नाही.

आता दार खाली का येतं ते सांगतो. दाराचा सगळा भार बिजागऱ्यांवर असतो आणि त्यात वरची बिजागरी ओढली जाते, खालची दाबली जाते. म्हणून आधी सैल होते ती वरची. ती सुटली की दाराचा मोकळा कोपरा खाली येतो, फरशीला घासतो आणि कडीची दांडी भोकासमोर येत नाही. मग आपण काय करतो? सुताराला बोलावून खालून रंधा मारून घेतो. आजार वर, औषध खाली! शिवाय पावसाळ्यात फुगलेलं लाकूड श्रावणात तासलं की तेच दार माघात खडखडतं. पाऊस संपून लाकूड वाळेपर्यंत, म्हणजे दिवाळीनंतरपर्यंत, रंध्याला हात लावू नये.

घरी गेल्यावर एवढं करून पाहा. दार अर्धं उघडा, मूठ धरून वर उचला आणि बिजागरीकडे बघा. स्क्रूंची डोकी हलली तर भोकं मोठी झाली आहेत. स्क्रू घट्ट आहेत आणि तरी दार खालीवर होतंय, तर बिजागरीचीच पिन झिजली आहे. पहिल्या प्रकारात नवी बिजागरी आणण्याची गरज नाही. दाराखाली पाचर ठोकून भार काढून घ्या. भोकात बांबूच्या किंवा सागाच्या काड्या लाकडाच्या गोंदात बुडवून गच्च ठोका, रात्रभर वाळू द्या, वर आलेल्या काड्या कापा, बारीक भोक पाडा आणि पूर्वीपेक्षा अर्धा इंच लांब स्क्रू बसवा. एका वेळी एकच स्क्रू काढायचा, सगळे नाही. दार अंगावर घेतलेला एक गृहस्थ मी पाहिला आहे.

पिन झिजली असेल तर जुनी बिजागरी खिशात घालून दुकानात जा. तोंडी माप सांगू नका. तेवढ्याच लांबी-रुंदीची मिळाली तर जुन्या खाचेत बसते. नवी पातळ निघाली तर मागे पुठ्ठ्याचा तुकडा घालावा. पितळी बिजागरीला पितळीच स्क्रू हवेत. पण पितळ मऊ असतं, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून वाट करून घ्यायची, तो काढायचा आणि मग पितळी स्क्रूला साबण लावून बसवायचा. नाहीतर त्याचं डोकं तुटून हातात येतं.

कडीची दांडी नेमकी कुठे अडते ते कळत नसेल तर दांडीच्या टोकाला ओलं कुंकू लावा आणि दार लावा. चौकटीवर जिथे ठिपका उमटेल तिथे दोष. माझी आई हे करायची. तिनं कुठल्या कारखान्यात काम केलं नव्हतं.

कुलपांबद्दल थोडक्यात. कुलपात खोबरेल तेल घालू नका. त्यावर धूळ बसते आणि थंडीत ते थिजतं. पेन्सिलीच्या शिशाची पूड किल्लीला लावून चारदा फिरवा. आणि दुसरी किल्ली करायची असेल तर रोजच्या झिजलेल्या किल्लीवरून करू नका, कपाटात पडलेल्या कोऱ्या किल्लीवरून करा. झिजलेलीवरून केली तर नव्या किल्लीत तीच झीज उतरते.

पुराबद्दल बोलल्याशिवाय मात्र राहवत नाही. २०१९ आणि २०२४ साली विश्वामित्रीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांना माहीत आहे, पाणी ओसरल्यावर दारं चौकटीत घट्ट बसली. भिंती रंगवल्या, फरशा घासल्या, पण खालच्या बिजागऱ्या कुणी उघडून पाहिल्या नाहीत. वरून रंग दिलेला असतो, आत गंज खात असतो. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी खालची बिजागरी एकदा काढून बघावी.

आता न्हाणीघराकडे परत येतो, कारण खरं बोलायचं आहे ते त्याबद्दल. आपली मुलं पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत. घरात आपण दोघं किंवा एकटे. अशा घरात न्हाणीघराला आतून साधी कडी असू नये. बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येईल असं लॅच मिळतं, ते बसवावं. आत पडलेलं माणूस दाराला टेकलेलं असलं तर आत उघडणारं दार कुणालाच ढकलता येत नाही, म्हणून जमत असेल तर ते दार बाहेर उघडणारं करून घ्यावं. गोल मुठीऐवजी दांडीची मूठ लावावी. सांधे धरले असले तरी ती कोपरानंही दाबता येते. डोक्याच्या वर आणि पावलाजवळ असलेल्या जादा कड्या काढून टाकाव्यात. लाज वाटते हे मी समजू शकतो. आत्याही म्हणाली होती, "बाहेरून उघडणारं दार? मग ते दार कसलं?" तिनं प्लास्टर सुटल्यावर परवानगी दिली.

दुसरी गोष्ट रात्रीच्या जाळीच्या दाराची. चोराच्या भीतीनं आतून कुलूप लावून किल्ली उशीखाली ठेवतात. धूर झाला तर अंधारात उशी सापडते, किल्ली सापडत नाही. दाराजवळच, पण बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्यावर ती टांगावी, आणि घरातल्या प्रत्येकाला तो खिळा माहीत असावा. आपोआप बंद होणारं लॅच असेल तर एक किल्ली शेजारी द्यावी. दूध घ्यायला बाहेर यावं, वाऱ्यानं दार लागावं आणि आत गॅसवर कुकर असावा, हे आपल्यातल्या किती जणांचं झालं आहे ते हात वर करून सांगायला लावत नाही.

शेजाऱ्याला किल्लीबरोबर दाराची खोडही सांगावी, त्याच्या भाषेत. 'उचला' म्हणजे दार, हे त्या दिवशी शेजाऱ्यांना माहीत असतं तर आत्या पाच मिनिटांत बाहेर आली असती.

मांडवाच्या दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात पत्ता लिहा आणि दार काय करतं ते एका ओळीत लिहा. अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारपासून मी आणि मंडळाची चार मुलं हत्यारं घेऊन येऊ. पेचकस, गिरमिट, स्क्रू आमचे, स्टूल तुमचं. चहा मला बिनसाखरेचा.