कुणामागं पळायलीस?

(दहावी १९८९ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'पन्नाशीनंतरचं धावणं'. त्यात दोन दुरुस्त्या. मी पन्नाशीनंतर नाही, त्रेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली. आणि धावतात ते पेपरात. आपल्याकडं माणूस पळतो. दहा मिनिटांत मी सव्वा किलोमीटरसुद्धा पळत नाही, तेव्हा बोलणंही त्याच चालीनं होईल.

पी. टी.चे सर समोर बसलेत. सर, तुमच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून लिंबाखाली बसून राहणाऱ्या पोरींत मी पहिली होते. तुम्हाला ते खोटं आहे हे कळत होतं, हे आज कबूल करा. पळायची ती माझ्या बाकावरची मैत्रीण. १९८४ च्या ऑगस्टमध्ये आपण सहावीत होतो. लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं आणि तेव्हापासून गावात जी पोरगी पळेल तिला लोक 'पी. टी. उषा' म्हणायला लागले. हिला तर सगळी शाळाच उषा म्हणायची. चप्पल काढून हातात घ्यायची, परकराचा ओचा खोचायची, की सुटली. बार्शी लाईटच्या त्या छोट्या गाडीबरोबर रुळाकडेनं पोरं पळायची, आठवतं ना? एकदा ही त्या पोरांच्याही पुढं गेली. घरी मार बसला, तो वेगळा.

त्याच लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकात बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली, हे मला फार उशिरा कळलं. तोवर बायकांना ऑलिंपिकात सगळ्यात लांबची शर्यत म्हणजे १५०० मीटर. त्यापुढं बाईमाणसाला झेपत नाही, असं जगभर शहाण्या माणसांचं मत होतं. मुरुडात त्या मतावर कुणी वेगळं शिक्कामोर्तब करायची गरज नव्हती. आठवीनंतर आपल्या शाळेच्या मैदानावर मुली दिसायच्या त्या झेंडावंदनाला.

मी बारावीनंतर लग्न होऊन लातूरला गेले. आमचं मेडिकल दुकान आहे. वीस-बावीस वर्षं त्या काउंटरमागच्या स्टुलावर बसून मी लोकांना साखरेच्या गोळ्या विकल्या. पळण्याशी संबंध म्हणाल तर एसटी धरण्यापुरता.

मग २०१६ आलं. लातूरकरांना ते साल सांगायला नको, पण पुण्या-मुंबईहून आलेल्यांसाठी सांगते. मांजरा धरण कोरडं पडलं, नळ बंद झाले. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. ती गाडी आपल्या मुरुडवरनंच लातूरला गेली. ज्या मार्गावर आपली बार्शी लाईट रांगायची, त्याच मार्गावर.

एप्रिलमधलीच एक दुपार. टँकर गल्लीत थांबायचा तो थांबलाच नाही, सरळ पुढच्या चौकाकडं गेला. गल्लीतल्या सगळ्या बायका पळाल्या. मी पण पळाले, काखेत रिकामी घागर, दुसऱ्या हातात कॅन, पायात रबरी चप्पल. अंतर असेल तीनशे मीटर. चौकात पोचले तेव्हा माझ्यापुढं दोघीच होत्या, दोघी माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. छाती फुटायची वेळ आली होती आणि मला हसू येत होतं. आवरत नव्हतं. अंगातून काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटत होतं.

हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. लाज वाटायची. मागं राहिलेल्या एका म्हातारीला त्या दिवशी अर्धीच घागर मिळाली, आणि मला मात्र मजा आली होती. नंतर मी माझ्यातलं पाणी तिला दिलं, पण ती मजा काही त्यानं फिटली नाही.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला, धरण भरलं. दिवाळीनंतर मी रक्त तपासलं, तीन महिन्यांची साखर ६.३. मधुमेहाच्या उंबऱ्यावर. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मी पहाटे पाचला चालायला लागले. पंधरा दिवसांनी एकदा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळून बघितलं. पुन्हा तेच हसू. टँकर नव्हता, घागर नव्हती, तरी.

पुढचे दोन महिने मी चोरून पळाले. कुणी दिसलं की चालायचं. एकदा दूधवाल्यानं गाठलंच. सायकल थांबवून घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "काय झालं ओ काकू? कुणाला दवाखान्यात नेलंय का?" आपल्याकडं चाळिशीतली बाई पळाली, तर घरात कुणीतरी अत्यवस्थ असणार, दुसरं कारण कुणाला सुचत नाही. घरी मालक म्हणाले, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, तुझं भलतंच." सासूबाई मात्र म्हणाल्या, "पळायचं तर पळ बाई, ओढणी तेवढी नीट खोच, पायात येईल." त्या काळजीपोटीच बोलल्या, पण मी ती परवानगी धरली.

चुकाही केल्या. मुलाचे जुने बूट पुढं कापूस कोंबून घातले. पहिल्याच महिन्यात जोर लावला आणि नडग्या अशा धरल्या की तीन आठवडे दुकानात पाय वर करून बसले. क्रीडा संकुलावर येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी मग सांगितलं, "ताई, शेजारच्याशी बोलता येईल एवढंच पळा. धाप लागून बोलणं तुटलं, की चालायला लागा." आजवर मला मिळालेली पळण्याची शिकवण एवढीच. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं करत सलग अर्धा तास पळायला मला पाच महिने लागले. पुढं लातूरच्याच एका शर्यतीत दहा किलोमीटर पूर्ण केले, एक तास चोवीस मिनिटांत. माझ्यामागं अकरा माणसं होती. मालक लिंबू सरबत घेऊन उभे होते, पण चुकीच्या गेटवर. ते सरबत त्यांनीच पिलं.

साखर आता ५.८ आहे. पण खरं सांगते, नुसतं चालून आणि भात कमी करूनही ती उतरली असती. त्यासाठी पळायची गरज नव्हती.

मग कशासाठी? हा प्रश्न मला सगळे विचारतात आणि मी दुसऱ्यांची उदाहरणं देऊन वेळ मारून नेते. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. शाळा सहा किलोमीटरवर आणि बस नाही, म्हणून पायांना सवय. शर्यतीत पळायला लागला तो सैन्यात गेल्यावर, विशीत. १९९८ ते २०१८ पर्यंतच्या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत ३००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्याच्या शर्यतीचं, एकूण एक पदक केनियानं नेलं होतं. २०२२ ला बर्मिंगहॅमला यानं रौप्य आणलं. सुवर्ण हुकलं ०.०५ सेकंदानं. किंवा लता भगवान करे. मूळच्या बुलढाण्याकडच्या, साठी ओलांडलेल्या मजूर बाई. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते, म्हणून नऊवारीत, अनवाणी बारामतीची तीन किलोमीटरची शर्यत पळाल्या आणि जिंकल्या. पुढं त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात काम त्यांनी स्वतःच केलं, आणि राष्ट्रीय पुरस्कारात त्याचा विशेष उल्लेख झाला.

टाळ्या वाजवतो आपण, आणि वाजवायलाच पाहिजेत. पण मला त्या गोष्टीत टोचतं ते असं, की करेबाईंना तपासणीच्या पैशासाठी पळावं लागलं. आपल्या भागात पळायला नेहमी काहीतरी मागं तरी लागतं, नाहीतर पुढं तरी. टँकर, एसटी, दवाखाना, भरती. मी ज्या पळण्याच्या प्रेमात पडले, त्याच्या पुढंमागं काही नाही.

आता उषाचं सांगते. नववीच्या दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. लग्न झालं होतं. या मेळाव्याची यादी ग्रुपवर आली तेव्हा मी तिचं नाव विचारलं. उत्तर आलं, "ती दहावीला कुठं होती?" बरोबर आहे, नव्हती. चूक कुणाची नाही, यादीच दहावीची आहे. पण मग मीच शोधून काढलं. ढोकीच्या बाजूला एका वस्तीवर असते. गेल्या महिन्यात गेले. पंचवीस वर्षं ऊसतोडीला गेली, मोळ्या वाहिल्या. गुडघे गेलेत. बाजेवरून उठताना हात टेकावा लागतो.

मी पळते म्हटल्यावर तिनं आधी माझ्या पोटाकडं बघितलं. मग म्हणाली, "कुणामागं पळायलीस?"

म्हटलं, कुणामागं नाही.

"मग किती पैसे मिळतेत?"

म्हटलं, उलट मीच भरते. दहा किलोमीटरच्या त्या शर्यतीला सहाशे रुपये भरले.

ती इतकी हसली की नातीनं येऊन बघितलं. सहाशे रुपये देऊन पळायचं! नंतर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फुकट पळू दिलं असतं तर म्या पण पळाले असते की."

या वाक्याचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही. सर, तुम्हालाही कळणार नाही. तुम्ही तिला तालुक्याच्या स्पर्धेला नेलं होतं, स्वतःच्या खिशातून एसटीचं तिकीट काढून. ती पहिली आली होती. तिला ते तिकीट आठवतं, मला म्हणाली.

ती आज आली आहे. मागच्या रांगेत, दाराजवळ, नातीला घेऊन बसली आहे. नात याच शाळेत सातवीत आहे. स्मरणिकेच्या संपादकांना माझी विनंती, यादीत शेवटी एक ओळ वाढवा. तिचं नाव लिहा आणि पुढं 'नववी, दिवाळीपर्यंत' असं लिहा. अशी आणखी नावं तुम्हाला आठवत असतील, तीही द्या. मला चार आठवली आहेत, चिठ्ठी संयोजकांकडं दिली आहे.

उद्या सकाळी सहाला शाळेच्या फाटकापासून आम्ही काही जण पळणार आहोत. बार्शी रोडनं जायचं आणि परत यायचं, तीन किलोमीटर. फी नाही, नंबर नाहीत, कुणी मागं राहिलं तर थांबू. उषा म्हणाली, मी पळत नसते, घड्याळ धरते. तिची नात पळणार आहे, अनवाणी. बूट देऊ केले, नको म्हणाली.