घरचा अभ्यास की शिकवणीचा वर्ग?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



या दिवशी आपण दरवर्षी आहार, बालसंगोपन, काटकसर अशा विषयांवर ऐकत आलो. यंदा चालकांनी मला सांगितले, "बाई, त्या संगणकाच्या नेटवर्किंगच्या परीक्षांविषयी बोला, घरोघरी तोच वाद चालला आहे." मी निवृत्त शिक्षिका, यंत्रविद्येतली जाणकार नव्हे. पण हा प्रश्न आमच्या घरी दोनदा आला. पहिल्या खेपेस तो पैसे घेऊन गेला, दुसऱ्या खेपेस थोडे शहाणपण देऊन गेला. तेवढ्याच अधिकारावर मी बोलणार आहे.

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. बँकेत, तहसिलीत, दवाखान्यात जे संगणक असतात ते एकमेकांशी बोलतात. हे बोलणे स्विच आणि राउटर नावाच्या पेट्यांमधून चालते. त्या जोडणे, बंद पडले तर दोष शोधणे, परक्याला आत येऊ न देणे, हे नेटवर्किंगचे काम होय. हे पुरुषांचेच क्षेत्र आहे असे कोणी म्हणेल तर त्यास सांगावे की, १९८४ साली सिस्को ही कंपनी ज्या दोघांनी काढली त्यांतील एक सँडी लर्नर ही स्त्री होती. आणि अनेक स्विच जोडले असता संदेश गोल गोल फिरत राहू नये म्हणून जी युक्ती जगभर वापरली गेली, ती १९८५ साली रेडिया पर्लमन या बाईंनी शोधली.

या विद्येच्या परीक्षांत सिस्कोची सीसीएनए आणि कॉम्पटिया या संस्थेची नेटवर्क प्लस या दोन विशेष प्रसिद्ध आहेत. सीसीएनएची परीक्षा दोन तासांची असते. तिची फी ३०० डॉलर, म्हणजे रुपयांत पंचवीस हजारांवर जाते. नापास झाल्यास पुन्हा तेवढीच फी भरावी लागते. पास झाल्यास प्रमाणपत्र तीन वर्षे चालते; पुढे त्याचे नूतनीकरण करावे लागते. आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका: या परीक्षेस बसण्यास कोणताही वर्ग केलाच पाहिजे अशी अट नाही. प्रमाणपत्र परीक्षा देते, वर्ग देत नाही. एवढे एक वाक्य मला पाच वर्षांपूर्वी ठाऊक असते तर आमच्या भावाचे सोयाबीनचे पैसे वाचले असते.

माझा भाऊ चिखलीकडे शेती करतो. त्याचा मुलगा पदवीधर झाला तेव्हा एका मोठ्या शहरातल्या वर्गाची जाहिरात आली. थोड्या आठवड्यांचे रात्रंदिवस शिक्षण, त्याला ते 'बूटकॅम्प' म्हणतात, आणि वर नोकरीची शंभर टक्के हमी. भाऊ कचरत होता, मीच त्याला म्हटले, "शिक्षणात हात आखडू नये." पीक विकून निम्मी फी भरली, निम्मी हप्त्याने. राहण्याजेवणाचा खर्च वेगळाच. मुलगा सहा आठवड्यांनी परत आला तो छान चौकटीतला कागद घेऊन. तो कागद वर्गाचा होता. परीक्षेची फी त्या पैशांत नव्हती, आणि परीक्षेस बसण्याइतके त्याच्या ध्यानात काही राहिलेही नव्हते. मुलगा कष्टाळू होता. मग दोष कोठे? लोणचे घातल्या दिवशी मुरत नाही, एवढाच.

पुढे कळले की असले चार-पाच दिवसांचे किंवा आठवड्यांचे वर्ग पुष्कळदा नोकरीत असलेल्यांना उपयोगी पडतात. त्यांचा पाया झालेला असतो, रोज हाताखाली यंत्र असते, आणि फी बहुधा कंपनी भरते. त्यांना उजळणी हवी असते. ज्याने राउटर पाहिलाच नाही, त्याला तीच घाई मारक ठरते.

दोन वर्षांनी धाकटी पुतणी त्याच परीक्षेची इच्छा धरून उभी राहिली. या वेळी भावाने हात जोडले. ती म्हणाली, "आत्या, मी घरीच शिकते." साधने फुकट मिळतात हे तिने शोधून काढले होते. सिस्कोचे स्वतःचे प्राथमिक पाठ विनामूल्य आहेत. पॅकेट ट्रेसर नावाचा कार्यक्रम विनामूल्य मिळतो; त्यात पडद्यावरच राउटर आणि स्विच मांडून, तारा जोडून, आज्ञा देऊन पाहता येते. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर ऐकता येतात. बेताचा जुना संगणक पुरला.

तरी चार महिन्यांत तिचा अभ्यास पुढे सरकला नाही. मी मनात म्हटले, हिच्यात चिकाटी नाही. मग एकदा आठ दिवस तिच्याकडे राहिले आणि डोळे उघडले. मुलगी संगणकासमोर बसली की हाक येई: पाहुण्यांना चहा टाक, दळण आण, आजीला दवाखान्यात ने, वेचणीच्या बायांचा हिशेब कर. भाऊ शहरात शिकत होता तेव्हा त्याला कोणी हाक मारीत नव्हते. त्या फीमध्ये हाक न मारण्याची किंमतही होती! मैत्रिणींनो, वर्गात जाणारा आपला वेळ विकत घेतो. घरी शिकणाऱ्या मुलीस तो कोणीतरी द्यावा लागतो. घरचा अभ्यास फुकट नाही. त्याची फी घराने भरावयाची असते.

मी वहिनीस बसवून सांगितले. दुपारी दोन ते पाच मुलीस हाक मारावयाची नाही, असे ठरले. वहिनीने तो शब्द पाळला, आणि त्या तीन तासांत आजीचे सारे तिने स्वतः केले. मुलीने वहीत रोजचा भाग आखला. त्या परीक्षेत पत्त्यांच्या वाटणीचे गणित येते. समजा २५६ पत्ते आहेत, ते चार कचेऱ्यांत सारखे वाटावयाचे. प्रत्येकीस ६४ आले. त्यातला पहिला त्या वाटणीच्या नावाचा, शेवटचा सर्वांना एकदम हाक देण्याचा. वापरावयास उरले ६२. हे ऐकून समजते, पण परीक्षेत घड्याळासमोर करावयाचे तर शंभर वेळा हाताने केलेले असावे लागते. पोळीसारखेच आहे ते. हात बसावा लागतो.

आठ महिन्यांनी ती एका जागी अडली. तेव्हा तिने वर्ग लावला, पण कसा? रविवारचा, सहा आठवड्यांचा, जेथे खरी यंत्रे होती असा. आणि अडलेल्या प्रश्नांची यादी घेऊन गेली. पहिल्या खेपेस ती थोडक्यात नापास झाली. पंचवीस हजारांवर पैसे गेले. घरात दोन दिवस कोणी बोलले नाही. दुसऱ्या खेपेस पास झाली. नोकरी लगेच लागली असे मी सांगणार नाही. सात महिने लागले, आणि सुरुवात रात्रपाळीने झाली. प्रमाणपत्राने दार उघडते. आत चालत जावे लागते.

म्हणून माझे सांगणे असे. प्रथम सहा आठवडे घरी, विनामूल्य साधनांवर, ठरलेल्या वेळी शिकून पाहावे. गोडी लागली नाही तर पैसे वाचले. गोडी लागली आणि वेळ पाळता आला तर पुढे चालावे; जेथे अडेल तेवढ्यापुरता वर्ग लावावा. ज्याचा पाया झाला आहे आणि ज्याला ठराविक तारखेच्या आत परीक्षा द्यावयाची आहे, किंवा ज्याला एकट्याने बसवतच नाही, त्याने बूटकॅम्पला अवश्य जावे. त्यात कमीपणा नाही.

पण फी भरण्यापूर्वी काही प्रश्न विचारावे. परीक्षेची फी यात आहे काय? एका यंत्रावर किती जण, आणि रोज किती तास? दोन दिवस बसून पाहू देता काय? मध्येच सोडल्यास किती पैसे परत? हप्ते असतील तर कर्ज कोणाच्या नावावर, व्याज किती? नोकरीची हमी म्हणजे काय, ते लेखी द्याल काय? फलकावर ज्यांची छायाचित्रे आहेत त्यांना नव्हे, तर ज्यांची नाहीत अशा जुन्या विद्यार्थ्यांना भेटावे. आणि परीक्षेतले नेमके प्रश्न विकतो म्हणणाऱ्याच्या वाटेस जाऊ नये. पकडले गेल्यास प्रमाणपत्रही जाते आणि अब्रूही.

माझी आई वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या हिंदी परीक्षा देत कोविदपर्यंत पोहोचली. कोणत्या शाळेत? शेजारच्या ओसरीवर, दुपारी, चार बायकांत. त्या एकमेकींस धडा म्हणून दाखवीत आणि चुकले की हसत. वर्गाची शिस्त आणि घरचा खर्च, दोन्ही त्या ओसरीवर होते.

आपल्या मंडळाची खोली दुपारी दोन ते पाच रिकामी असते. तेथे चार मुली, दोन जुने संगणक आणि एक भिंतीवरचे वेळापत्रक एवढे झाले तरी पुरे. पुतणी दर रविवारी फोनवरून त्यांच्या अडचणी सोडविण्यास कबूल झाली आहे. एक संगणक आमच्या घरून येईल. दुसरा कोणाकडून येतो, हे सभा संपल्यावर चहाच्या वेळी मला सांगावे. आणि ज्या घरची मुलगी येईल, त्या घराने त्या तीन तासांत तिला हाक न मारण्याचा शब्द द्यावा.